साडीवर कोट घेताना
(मंडळाच्या कोजागिरीच्या बैठकीत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषण करायचे म्हटले की माझे हातपाय गार पडतात, आणि आजचा विषयही थंडीचाच आहे. मागच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यातल्या कितीतरी जणी कुडकुडत बसल्या होत्या. ते पाहून चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही घरातल्या सगळ्यांचे कोट बेतून घेता, तर बायकांनी कोट कसा निवडावा ते एकदा सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर पोटात घाला.

माझे माहेर सांगलीकडचे. तिकडे थंडी म्हणजे पहाटे एक शाल अंगावर घेतली की भागते. २००१ साली लग्न होऊन मी दिल्लीला आले ती ट्रंकेत एकच स्वेटर घेऊन. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ४-५ अंशांवर येतो, आणि धुके दाटले की दुपारीसुद्धा ऊन नाही. त्यातून इथली घरे बांधलेली उन्हाळ्याच्या हिशेबाने. बाहेरून घरात आले तरी फरशी तळपाय पोळल्यासारखी गार लागते.

त्याच वर्षी यजमानांनी मला कोट घेऊन दिला. मरून रंगाचा, बटणांच्या दोन रांगा, कमरेला पट्टा आणि लांबी पोटऱ्यांपर्यंत. दुकानातल्या आरशात मी स्वतःवर खूश झाले. पण त्या दिवशी माझ्या अंगात सलवार-कमीज होते, स्वेटर नव्हता, आणि कोट अंगाला चापून बसला याचेच मला कौतुक. घरी येऊन साडी, वर स्वेटर आणि त्यावर तो कोट घातला, तर निऱ्यांवरचे बटण काही लागेना. ओढून लावले तर श्वास कोंडला. माझी उंची पाच फुटांना एक इंच कमी आणि अंगाने मी भरलेली. समोरच्या पंजाबी मावशी म्हणाल्या, "बेटी, ये कोट है कि रजाई?" त्या प्रेमानेच म्हणाल्या, पण मी तो कोट पुन्हा त्यांच्यासमोर घातला नाही.

आणि इतके करून त्याची ऊबही नव्हती. त्याचे कारण मला मागाहून आमच्या मास्टरजींनी समजावले. कापड काही ऊब तयार करीत नाही. आपल्या अंगाची ऊब कापडात आणि दोन कपड्यांमध्ये अडकलेल्या हवेत टिकते. कोट घट्ट झाला की ती हवा दबून जाते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे, आणि कोट त्यावर अंमळ सैलच हवा. वजनदार कोट तो ऊबदार, ही आपली समजूत खोटी आहे.

तेव्हा कोट घ्यायला जाताना थंडीत जी साडी आणि जो स्वेटर घालणार, तेच घालून जा. सगळी बटणे लावा. मग बसमध्ये वरचा दांडा धरतो तसे दोन्ही हात वर करा, दुकानदाराच्या स्टुलावर बसा, वाकून पिशवी उचला. दुकानदार हसला तर हसू द्या. हात वर केल्यावर सगळा कोट वर चढला किंवा पाठीत ताणला, तर तो आपला नव्हे. खांदा आधी पाहावा, कारण बाही आखूड करता येते, बटणे सरकवता येतात, खालची दुमड उसवून दोन इंच लांबी मिळते, पण खांदा बिघडलेला असला तर शिंपी हात लावत नाही. बाही मनगटाचे हाड झाकील इतकी असावी आणि आत बांगड्या मावाव्यात. आणि खिशात हात घालून पाहा. बायकांच्या कोटाला पुष्कळदा खिशाचे नुसते झाकण शिवलेले असते, आत काही नाही! पुरुषांच्या कोटाला असे केलेले मी अजून पाहिलेले नाही.

आता अंगाच्या ठेवणीविषयी. हे बोलायला आपल्याला संकोच वाटतो, पण कोटाला डोळे असतात. माझ्यासारख्या बुटक्या बाईने गुडघ्यापर्यंतचा कोट घ्यावा. पोटऱ्यांवर आला की बाई आणखी आखूड दिसते. उंच बाईला मात्र लांब कोट शोभतो आणि पायांनाही ऊब मिळते. छाती किंवा पोट मोठे असेल तर बटणांची एकच रांग, पुढे उतरता गळा, आणि पट्टा नको. कमरेखाली अंग जास्त असेल तर खांद्यापासून खाली हळूहळू घेर वाढत जाणारा कोट घ्या, आणि तो जिथे अंग सर्वांत रुंद आहे तिथेच संपू देऊ नका. खांदे रुंद असतील तर गळ्यापासूनच तिरपी निघालेली बाही, जिला रॅगलन म्हणतात, ती चांगली. खांदे उतरते असतील त्यांना तीच बाही वाईट. त्यांनी नेहमीची बाही घेऊन आत पातळशी गादी घालून घ्यावी. सडपातळ बाईने पट्टा बांधावा, जाड खरखरीत कापड घ्यावे, दोन रांगा बटणे लावावीत. तिला सगळेच शोभते, तिच्याविषयी मी जास्त बोलत नाही.

पण अंगाच्या ठेवणीपेक्षा अंगाचे दुखणे मोठे, हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवले.

त्या नऊवारी नेसत. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांना आम्ही चांगला काळा कोट आणला होता. पहिली थंडी त्या तो घालून सगळीकडे हिंडल्या. पुढच्या वर्षापासून मात्र "मला बाधते ही हवा, तुम्ही जा" असे म्हणू लागल्या. संक्रांतीचे हळदीकुंकू नाही, एकादशीचे भजन नाही. दोन थंड्या तशाच गेल्या. मला वाटले, यांना माझ्याबरोबर यायला नको असते. मी तसे जावेजवळ बोललेसुद्धा. आज ते आठवले की मान खाली जाते.

एके दिवशी मी बाजारातून लवकर परत आले. पाहते तो सासूबाई पलंगाजवळ उभ्या, डावा हात कोटात, आणि उजवा मागे बाहीत अर्धा अडकलेला. ना आत जाई, ना बाहेर येई. कितीतरी वेळ तशाच उभ्या असाव्यात. त्यांचा उजवा खांदा धरला होता. केस विंचरतानाही हात वर जात नव्हता, हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. मी हात सोडवला. म्हणाल्या, "रोज उठून लेकाला सांगू का, मला कोट घाल म्हणून?"

तो कोट मी मास्टरजींकडे नेला. ते म्हणाले, तयार कोटाचा मुंढा फार तर अर्धा इंच वाढेल, त्याने काम होणार नाही. मग नवे कापड आणले. दुहेरी पन्ह्याचे सव्वादोन मीटर पुरले. मुंढा चांगला खोल, जवळजवळ कमरेपर्यंत उतरता ठेवला, बाही रुंद, आणि बाहीच्या आतसुद्धा साटिनचे अस्तर लावले, म्हणजे स्वेटरवरून हात सरकतो. पुढून कोट सगळा उघडा, मोठी तीन बटणे; पण ती नुसती शोभेची, खाली टिचबटणे. मागे कासोट्याच्या जाडीसाठी लांब चीर. आणि घालायची रीत अशी, की दुखरा हात आधी घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. आपण नेमके उलटे करतो. पुढच्या संक्रांतीला त्या पाच घरी जाऊन आल्या आणि दोन्ही खिसे भरून तिळगूळ आणला. त्यानंतर नऊ थंड्या त्यांनी तो कोट वापरला.

म्हणून घरात वयस्क माणूस कोट घालत नसेल तर आधी त्याचा खांदा विचारा. बोटे आखडली असतील तर काज्यातून बटण जात नाही, तेही पाहा. अंगावर पाजणाऱ्या मुलींनी पुढून उघडणारा कोटच घ्यावा, डोक्यातून घालायचा नको.

स्वयंपाकघरात कोट नकोच. तिथे बिनबाहीची लोकरी बंडी घाला. हल्ली ती हवा भरल्यासारखी फुगीर जॅकेटे सगळीकडे मिळतात. हलकी असतात, वारा अडवतात, स्कूटरवर मागे बसणारीला फार चांगली, फक्त पदर आणि पट्टा आत खोचून बसा. पण गॅसजवळ ती घालू नका. माझी बाही ज्योतीला लागली, तेव्हा ती जळली नाही, वितळली आणि मनगटाला चिकटली. डाग अजून आहे, पाहा. खरी लोकर सहजासहजी पेटत नाही, आणि ज्योत दूर केली की बहुधा आपली आपण विझते.

खरी लोकर ओळखायची तर कापडाचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. केस जळल्यासारखा वास आला आणि चुरगळणारी राख पडली तर लोकर. टणक मणी झाला तर नायलॉन-पॉलिएस्टर. मिश्रण असेल तर दोन्ही दिसेल. मिश्रण वाईट नव्हे, ते स्वस्त पडते आणि टिकते, पण लोकरीच्या भावाने घेऊ नका. मुठीत चुरगळून सोडले की चांगले लोकरी कापड पुन्हा सरळ होते. पटरीवर जुने विलायती कोट मिळतात, तेही मी घेतलेले आहेत. ते उजेडासमोर धरून कसरीची भोके पाहावीत, अस्तर बदलावे, आणि घरात आणण्याआधी ड्रायक्लीन करून घ्यावेत.

लग्नातल्या थंडीवर मात्र माझ्याजवळ उपाय नाही. डिसेंबरात उघड्या मांडवात शालू आणि दागिने दिसावेत म्हणून आपण कोट गाडीत ठेवून जातो आणि शेगडीभोवती गर्दी करतो. मीही करते.

मास्टरजी दिवाळीनंतर लग्नांच्या कामात अडकतात, मग तीन-तीन आठवडे कापडाला हात लावत नाहीत. ज्यांना शिवून घ्यायचा असेल त्यांनी दूध पिऊन झाले की आतल्या खोलीत यावे. मी टेप आणला आहे आणि एक स्वेटरही आणला आहे, तो घालूनच माप घेऊ. कुणाचे माप कुणाला सांगणार नाही.