आकाशातील नोंदवही



ग्रंथालयात नवे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याचे नाव लिहिले जाते व त्याची जागा ठरते. मानवाने अवकाशात सोडलेले उपग्रह आणि त्यांना वर नेऊन रिकामे झालेले अग्निबाणांचे टप्पे यांचीही अशी नोंद ठेवावी लागते. मात्र तेथे जागा स्थिर नसते; म्हणून कक्षा लिहितात. पृथ्वीजवळ विरळ हवेचे घर्षण आणि दूरवर सूर्यप्रकाशाचा सूक्ष्म दाब ती कक्षा सतत बदलत असतो. सबब वेध पुनःपुन्हा घ्यावे लागतात. वेध जुना झाला की गणित ढळते.

परंतु गणित अचूक असूनही नोंद चुकू शकते. मार्च २०१५ मध्ये ॲरिझोनातील कॅटालिना आकाश-सर्वेक्षणास एक अंधुक वस्तू आढळली. कक्षागणिताचे जाणकार बिल ग्रे यांनी ती फेब्रुवारी २०१५ मध्ये डिस्कव्हर उपग्रह नेणाऱ्या फाल्कन-९ अग्निबाणाचा टप्पा असल्याचे अनुमान केले. तिची चमक जुळत होती आणि त्या उड्डाणानंतर दोन दिवसांनी ती चंद्राजवळून गेली होती. हे नाव सात वर्षे टिकले. हीच वस्तू ४ मार्च २०२२ रोजी चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर आदळेल, असे ग्रे यांनी त्या वर्षीच्या जानेवारीत जाहीर केले.

तेव्हा 'नासा'च्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील जॉन जॉर्जिनी यांनी दाखवून दिले, की डिस्कव्हरचा मार्ग चंद्राजवळून गेलाच नव्हता. ग्रे यांनी फेरतपासणी करून चूक उघडपणे दुरुस्त केली. ऑक्टोबर २०१४ मधील चीनच्या चांग-अ ५-टी१ मोहिमेचा अग्निबाण कक्षेशी जुळत होता. चीनने इन्कार करताना चांग-अ ५ चा टप्पा वातावरणात जळाल्याचे सांगितले. पण ती मोहीम २०२० मधली, म्हणजे निराळीच. २०१४ चा टप्पा २०१५ मध्येच नष्ट झाल्याची नोंद अमेरिकन सूचीत होती. तो पृथ्वीवर परतलाच नव्हता, हे अमेरिकन अवकाश-कमांडने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केले.

ठरल्या दिवशी आघात झाला. पुढे चांद्रयान एलआरओच्या छायाचित्रांत एकमेकांना लागून १८ व १६ मीटर व्यासाची दोन विवरे दिसली. २०२३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी परावर्तित प्रकाशाच्या अभ्यासाने चिनी अग्निबाणाच्या निष्कर्षास दुजोरा दिला.

म्हणजे स्थान बरोबर होते, नाव चुकले होते. स्थान वारंवार वेधांनी तपासले गेले. नाव मात्र एकदा केलेल्या अनुमानावर चालत राहिले. नाव ही किरकोळ बाब नव्हे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने पृथ्वीवर हानी केल्यास ती सोडणारे राष्ट्र भरपाईस बांधील असते. २ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात आकाशातून धातूचे मोठे कडे पडले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही; परंतु झाली असती, तर दाद कोणाकडे मागावी, हे नोंदवहीतील नावावरच ठरले असते.

म्हणून नोंद ठेवणाऱ्याने पाहिलेले आणि अनुमानिलेले वेगवेगळे लिहावे, आणि दुरुस्तीत कमीपणा मानू नये. नोंदवहीचा विश्वास चूक न होण्यावर जितका, त्याहून अधिक चूक दुरुस्त होण्यावर टिकतो. शंभर वर्षे आपल्या नोंदी जपणाऱ्या संस्थेस हे निराळे सांगावयास नको.