फर्म नोंदलेली आहे का?

आज माझ्याच घरातली एक गोष्ट सांगतो.

आमचं हार्डवेअरचं दुकान वडील आणि काकांनी भागीदारीत सुरू केलं. पुढे मीही भागीदार झालो. स्टॅम्प पेपरवर भागीदारीपत्र झालं आणि वडिलांनी ते पोथ्यांच्या कपाटात जपून ठेवलं. नोंदणीचा विषय निघाला की काका म्हणायचे, "अरे, भावाभावांत कसली नोंदणी?"

एका ठेकेदाराकडे मालाचे साडेतीन लाख रुपये अडकले. आज देतो, उद्या देतो, करता करता अडीच वर्षं उलटली. शेवटी मी वकिलांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, "फर्म नोंदलेली आहे का?"

मी ऐटीत फर्मचं पॅन कार्ड, जीएसटीचं प्रमाणपत्र आणि गुमास्ता परवाना टेबलावर मांडला. वकीलसाहेब हसले. म्हणाले, "यातला एकही कागद फर्मच्या नोंदणीचा नाही."

मंडळी, आपली गल्लत इथेच होते. पॅन ही प्राप्तिकर खात्यातली ओळख. त्याचं चौथं अक्षर पाहा. फर्मला 'एफ', ट्रस्टला 'टी', हिंदू एकत्र कुटुंबाला 'एच'. जीएसटीच्या पंधरा आकडी-अक्षरी क्रमांकातही हेच पॅन असतं. हे सारं करासाठी. भागीदार कोण कोण, याची नोंदवही मात्र रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे असते, १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार.

ही नोंदणी सक्तीची नाही, म्हणून ती राहून जाते. पण याच कायद्याचं कलम ६९ सांगतं की, नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून येणारं येणं वसूल करायला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. आपल्यावर मात्र दुसरा दावा लावू शकतो! दावा लावणाऱ्या भागीदारांची नावंही त्या नोंदवहीत असावी लागतात. आणि आधी दावा, मागाहून नोंदणी, असं चालत नाही.

विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. आम्ही धावपळ केली. वडील अंथरुणावर, काका गावी. सह्या आणि कागद जमवता जमवता मुदत टळली. साडेतीन लाख बुडाले. ठेकेदार आजही रस्त्यात भेटला की हसून रामराम करतो.

त्यानंतर आम्ही नोंदणी पूर्ण केली. पुढे चुलतभाऊ भागीदार झाला, तेव्हा नवं भागीदारीपत्र केलं, रजिस्ट्रारला बदल कळवला आणि जीएसटीतली दुरुस्तीही पंधरा दिवसांच्या आत केली.

त्या आठवड्यात काका रोज दुकानात येऊन एकच विचारत होते, "अरे, कागद गेला का?"

विश्वास घरात असावाच. पण त्याची नोंद कचेरीतही असू द्या.