सशाची पिल्लं दिसली तर

गवत कापताना विळ्यापुढं सशाची पिल्लं दिसली, की वाटतं, आई टाकून गेली. तसं नसतं. आपला रानससा बीळ करत नाही. पिल्लांना जन्मतःच अंगावर केस असतात, डोळे उघडे असतात. कुत्र्या-कोल्ह्याला माग लागू नये म्हणून आई दिवसा लांब राहते, अंधार पडल्यावर येऊन पाजते.

तेवढं गवत उभं ठेवा. कुत्रं बांधा, पोरांना लांब ठेवा. पिल्लू उचललं असेल, तर त्याच जागी ठेवा. हात लागला म्हणून आई टाकत नाही. गाईचं दूध पाजू नका, हगवण लागून पिल्लू दगावू शकतं. रानससा घरी पाळणं हा गुन्हा आहे. पिल्लू जखमी असेल, तर वन विभागाला 1926 वर फोन करा.

रात्री आई येईल, तेव्हा पिल्लं जागेवर असू द्या.