भर दुपारीं पानें माना कां टाकतात?

पुणें-सोलापूर रस्त्यानें जाणारा प्रवासी वैशाखांतल्या भर दुपारीं वरवंडच्या आसपास पोहोंचला, म्हणजे एक गोष्ट त्याला बुचकळ्यांत टाकते. दौंड तालुक्यांतला हा मुलूख अवर्षणाचा. परंतु खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचें पाणी इकडे येतें आणि गांवाजवळ व्हिक्टोरिया तलाव आहे. बागायती मळ्यांत सकाळींच पाणी दिलेलें असतें, सरींतली ओल डोळ्यांना दिसत असते, आणि तरीहि भोपळ्याच्या वेलाचीं रुंद पानें ओल्या फडक्यासारखीं लोंबत असतात. पायाशीं पाणी आणि मान मात्र खालीं, हें कसें?

उत्तराचा अर्धा भाग स्वयंपाकघरांतच सांपडतो. बाजारांतून आणलेली मेथीची जुडी संध्याकाळपर्यंत मलूल होते. तिचे देठ पाण्यांत बुडवून ठेवले, कीं तासा-दोन तासांत ती टवटवीत दिसूं लागते. मुळें छाटलेलीं असलीं तरी हा चमत्कार घडतो. अर्थात् ही उभारी निव्वळ पाण्याची असते.

बाभळीला लांकडाचा आधार आहे. कोवळ्या पानाला तसा आधार फारच थोडा. तें असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें असतें. प्रत्येक पेशीला बाहेरून चिवट भिंत, तिच्या आंत एक पातळ पडदा, आणि त्या पडद्याआड साखर व क्षार मिसळलेला रस. हा पडदा पाण्याला सहज वाट देतो, साखरेला देत नाहीं. त्यामुळें बाहेरचें पातळ पाणी आंतल्या घट्ट रसाकडे ओढलें जातें, पेशी फुगते, भिंत तिला आवरून धरते, आणि दोहोंच्या रेटारेटींतून ताठपणा येतो. ह्या आंतल्या रेट्याचा जोर पुष्कळदां हवेच्या नेहमींच्या दाबाच्या पांच ते दहा पट असतो. मोटारीच्या चाकांतली हवासुद्धां इतकी दाबून भरलेली नसते! ह्याच्या उलट प्रकार गृहिणींच्या परिचयाचा आहे. चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलें, कीं ताटलींत पाणी सुटतें आणि फोडी लिबलिबीत होतात. बाहेरचा द्रव अधिक खारट झाला, म्हणून पाणी पेशी सोडून निघालें.

आतां खर्चाची बाजू. अन्न तयार करण्यासाठीं पानाला हवेंतला कर्बवायु लागतो, आणि तो घेण्यासाठीं पानावरचीं बारीक रंध्रें उघडावीं लागतात. तीं उघडलीं, कीं आंतलें पाणी वाफ होऊन निसटतें. इंग्लंडांतल्या स्टीफन हेल्स ह्या धर्मोपदेशकानें कुंडींतलें सूर्यफुलाचें झाड रोज तोलून हा खर्च मोजला आणि १७२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. दिवसाच्या बारा तासांत तें एकटें झाड सरासरीनें सुमारें सव्वा पौंड पाणी हवेंत सोडी. वैशाखांतल्या उन्हांत हा खर्च मुळांच्या मिळकतीपेक्षां वाढतो, पेशींतला रेटा ओसरतो, आणि ओल्या जमिनींतलें पानहि मान टाकतें. सायंकाळीं ऊन उतरलें, रंध्रें मिटलीं, कीं हिशेब पुन्हां जुळतो. म्हणून दुपारची मलूलता ही नेहमींच तहान नव्हे. पहांटेसहि पान लोंबत असेल, तर मात्र प्रकरण गंभीर समजावें. काळ्या जमिनीबद्दल तर अधिकच सावध राहावें. तिचे बारीक कण पाणी इतकें घट्ट धरून ठेवतात, कीं हाताला ओल लागत असतांहि मुळांना तें सुटत नाहीं.

दुपारचें पान पाहून घाईनें पुनः दारें धरणाऱ्या बागाइतदाराचें नुकसान येथेंच सुरू होतें. जमिनींतल्या पोकळींत पाणीच भरलें, तर मुळांना हवा मिळत नाहीं. तीं गुदमरतात, पाणी ओढीनाशीं होतात, आणि पाण्यांत उभें असलेलें पीक सुकतें. गच्चींतल्या कुंडीखालच्या बशींत सदा पाणी ठेवणाऱ्या श्रोत्यांनीं हें पाहिलेंच असेल. शेतांत तर ह्याहून वाईट घडतें. निचरा नसलेल्या काळ्या रानांत खालचें पाणी वर चढतें, त्याची वाफ होते, आणि क्षार मागें उरतात. जमीन चोपण होते. मग काकडीच्या फोडीवर जो प्रसंग ताटलींत आला, तोच उसाच्या मुळांवर शेतांत येतो. वरवंडच्या दक्षिणेस, नीरेच्या खोऱ्यांत, कालवा आल्यावर ही आपत्ति इतकी वाढली, कीं पुण्याच्या शेतकी कॉलेजांतले डॉ. हॅरल्ड मॅन यांना एका सहकाऱ्यासह तेथल्या खारवट जमिनींचा अभ्यास करावा लागला. तो १९१० सालीं प्रसिद्ध झाला. पाणी आणण्यावर झालेल्या खर्चापुढें तें काढून लावण्याकडे झालेलें लक्ष किती अपुरें होतें, हें त्या जमिनींवरून कळतें.

अशा रानांत खोल चर खणून पाण्याला ओढ्याकडे वाट करून द्यावी लागते. पावसाच्या व कालव्याच्या पाण्यानें क्षार धुऊन त्या चरांतून निघून जाऊं लागले, मुळांशीं हवा खेळूं लागली, म्हणजे पेशींना पाणी पुन्हां ओढतां येतें, आणि पूर्वीं जेथें पांढरी खार फुटत असे तेथें पीक उभें राहूं लागतें.