रांग पैशाने सरकते, कागद सरकत नाही



आज मी विमानतळावरच्या रांगेविषयी बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल, पण आपल्यापैकी किती जणांच्या घरातला भाऊ, मामा किंवा चाचा दुबई, कुवेत, सौदीला गेलेला आहे, ते आठवा. त्या प्रत्येकाला मुंबईच्या इमिग्रेशन काउंटरसमोर उभे राहावे लागले आहे.

काही वर्षांपूर्वी मी अम्मीला बहिणीकडे दुबईला घेऊन निघालो होतो. विमान मध्यरात्रीनंतरचे होते. आखाती देशांची बरीच विमाने त्याच सुमारास निघतात, त्यामुळे गर्दी ठरलेली. अम्मीचे गुडघे दुखतात म्हणून मी पैसे भरून मदतनीस सेवा घेतली. नावाची पाटी घेऊन एक तरुण आला, सामान त्याने घेतले आणि बाजूच्या रांगेतून आम्हाला थेट काउंटरपाशी नेले. पंधरा-वीस मिनिटांत आम्ही पलीकडे.

त्याच विमानाने रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावचा माझा चुलत भाऊही निघाला होता. आठवीपर्यंत शिकलेला, पहिलाच परदेश प्रवास. तो मोठ्या रांगेत उभा होता. अम्मी म्हणाली, "त्यालाही आपल्याबरोबर घे ना." मी म्हणालो, "अम्मी, पैसे दोघांचेच भरलेत." आणि पुढे गेलो.

विमान सुटले तरी तो आला नाही. अधिकाऱ्याने त्याला परत पाठवले होते.

गावात चर्चा झाली, ‘मोठ्याने पैसे मोजले म्हणून तो गेला, धाकट्याकडे पैसे नव्हते म्हणून अडकला.’ खरी गोष्ट उलटी होती. धाकट्याने माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजले होते. एजंटाने त्याच्याकडून ‘पुशिंग’चे पैसे घेतले होते. पुशिंग म्हणजे काउंटरवर सेटिंग आहे असे सांगून, कामाला जाणाऱ्या माणसाला पर्यटक म्हणून विमानात चढवणे. त्याच्या हातात व्हिजिट व्हिसा होता. कुठे उतरणार, किती दिवस राहणार, सगळी उत्तरे पाठ करून घेतलेली. तिसऱ्या प्रश्नाला त्याने खरे सांगून टाकले, "साहेब, कामाला चाललोय."

मला त्या अधिकाऱ्याचा राग आला होता. मग मी नियम वाचला आणि राग माझ्याकडे वळला.

आपल्याकडे 1983 चा उत्प्रवासन कायदा आहे. साधारणपणे जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असे छापलेले असते. असा माणूस सौदी, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार अशा ठरलेल्या 18 देशांत नोकरीसाठी जाणार असेल, तर त्याला आधी सरकारी मंजुरी लागते. त्यासाठी नोकरीचा करार दाखवावा लागतो. 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो, त्याचा हप्ता काहीशे रुपयांचाच असतो. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा कर, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणी खरी की खोटी, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते.

म्हणजे माझ्या भावाने पैसे देऊन काय घेतले? करार नाही, विमा नाही. तो त्या रात्री सुटला असता, तर पगार बुडाल्यावर दाखवायला त्याच्याकडे एक कागदही नसता. व्हिजिट व्हिसावर काम करणे तिथे गुन्हाच आहे.

मी जे विकत घेतले तेही नीट समजून घ्या. मदतनीस तुम्हाला काउंटरपर्यंत लवकर नेतो. काउंटरच्या आत त्याचे काही चालत नाही. कागद अपुरे असतील तर तो पाटी घेऊन बाजूला उभा राहतो. ज्याला परवडते त्याने आईबापासाठी जरूर घ्यावी ही सेवा, तो काही गुन्हा नाही. पण चालायला त्रास असलेल्या प्रवाशाला विमान कंपनी व्हीलचेअर मोफत देते, तिकीट काढतानाच सांगायचे असते. हे मला नंतर कळले.

आता तर जलद रांगही मोफत आहे. जून 2024 मध्ये दिल्ली विमानतळावर केंद्र सरकारचा ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’ कार्यक्रम सुरू झाला आणि जानेवारी 2025 मध्ये तो मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आला. ऑनलाइन अर्ज करायचा, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा. अर्ज मंजूर झाला की ई-गेटवर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दाखवून पुढे. भारतीय नागरिकाला यासाठी फी नाही. पण ही माहिती आधी कोणाकडे पोहोचते? ज्याच्याकडे आधीच शिक्षण आणि इंटरनेट आहे त्याच्याकडे. आपल्या वस्तीत आधी एजंट पोहोचतो.

दहावी न झालेल्याचीच एवढी तपासणी का, हा प्रश्न आपण जरूर विचारावा. पण तो विचारताना आपली मुले दहावीआधी शाळा का सोडतात, हेही विचारावे. आखाताच्या आशेवर आठवी-नववीत शाळा सोडणारी मुले मी माझ्याच घरात पाहिली आहेत. मुक्त विद्यालयातून दहावी करता येते, कामधंदा सांभाळून करता येते.

माझा भाऊ वर्षभराने नोंदणीकृत एजंटामार्फत, मंजुरी घेऊन गेला. आज तो तिथे वेल्डिंगचे काम करतो. रांगेत त्याला तेव्हाही वेळ लागला, पण पाठ केलेले उत्तर द्यावे लागले नाही.

एजंटाने त्याला फसवले हे खरेच. पण घरातला शिकलेला माणूस मी होतो. निघण्याआधी महिनाभर मी त्याला एकदाही विचारले नाही, "तुझा पासपोर्ट दाखव बघू." तुम्ही विचारा. आज घरी गेल्यावर कपाटातले पासपोर्ट काढा, ईसीआर लिहिलेले वेगळे ठेवा, आणि ज्याचा तो असेल त्याच्याशेजारी बसा.