कमरेची कळ पायात उतरली तर



आपल्या मुळशीत पावसाने जोर धरला की खाचरांत भाताची लावणी सुरू होते. पाय चिखलात आणि कंबर दिवसभर वाकलेली. रात्री कंबर धरणारच. पण काही जणींची कळ कमरेत थांबत नाही. ती कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीत आणि पार पावलापर्यंत उतरते. चमक मारते, मुंग्या येतात, खोकलं-शिंकलं की वाढते. आपण म्हणतो नस दबली, डॉक्टर म्हणतात सायटिका.

पाठीच्या दोन मणक्यांमध्ये मऊ गादी असते. वाकून ओझं उचललं, त्यातच अंग पिळलं, की तिच्यावर ताण येतो. कधी ती बाहेर फुगते आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब येतो. दुखतं पायात, पण मूळ असतं कमरेत. म्हणून नुसती पोटरी चोळून भागत नाही.

दिलासा असा, की बहुतेकांचं हे दुखणं दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं. गादीचा फुगलेला भाग पुष्कळदा आपोआप आक्रसतो. तोवर शरीराला साथ द्यायची.

पहिली गोष्ट, अंथरूण धरू नका. फार दुखलं तर एक-दोन दिवस आराम ठीक, पण नंतर थोडं थोडं चालत राहा. झोपताना कुशीवर वळून दोन्ही गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी ठेवा. गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्या. मात्र जिथे बधिर वाटतं तिथे शेकू नका, भाजलेलं कळत नाही.

एक व्यायाम करून पाहा. पालथं झोपा. दोन-तीन मिनिटांनी कोपरं टेकून छाती थोडी वर उचला, कंबर सैल सोडा. कळ पायातून वर कमरेकडे सरकली, तर व्यायाम मानवतोय. कळ आणखी खाली उतरली, तर लगेच थांबा.

हंडा उचलताना गुडघे वाकवा आणि हंडा अंगाजवळ धरा. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो वजन. ते घेऊन वळायचं तर कंबर पिळू नका, पावलं फिरवा.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला लाथ लावून घेतात. कोणी पाठीवर पाय देतं, कोणी झटका देऊन नस बसवतो म्हणतं. पायात कळ आणि मुंग्या असताना हे अजिबात करू नका. मेडिकलमधून मनाने आणलेल्या वेदनेच्या गोळ्याही रोज खाऊ नका, पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो. दोन्ही तळपायांना सतत मुंग्या येत असतील, तर रक्तातली साखर तपासा. तिथे दोष नसेचा दाब नसून मधुमेहाचा असू शकतो.

आता लाज बाजूला ठेवून ऐका. लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेना, चप्पल पायातून निसटायला लागली, किंवा दोन्ही पायांतली ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. इथे घरगुती उपाय नाहीत, उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. बायका लघवीचं घरात सांगत नाहीत. सासूबाईंना नाही तर जावेला सांगा, गटातल्या मैत्रिणीला सांगा, पण सांगा. कळीबरोबर ताप असेल, पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल किंवा सहा आठवड्यांत उतार नसेल, तरीही डॉक्टरांना दाखवा. अशी लक्षणं नसताना कोणी ऑपरेशन सांगितलं, तर कर्ज काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

शेवटचं गटासाठी. सावडीत आपण दुसरीच्या खाचरात गेलो नाही, तर आपल्या खाचरात कोण येणार, या धास्तीने बायका दुखत असूनही वाकतात. म्हणून लावणीआधीच्या बैठकीत ठरवून घ्या. जिची कळ पायात उतरली आहे, तिने बांधावरचा चहा आणि लहान मुलं सांभाळावीत, आणि तिचा दिवस पूर्ण धरावा. बाकीच्यांनीही अर्ध्या-अर्ध्या तासाने उभं राहायचं, हात कमरेवर ठेवून पाच वेळा हळूच मागे झुकायचं. एकीने हाक द्यायची, सगळ्यांनी उभं राहायचं. त्याने लावणी मागे पडत नाही, आणि वर्षभराची कंबर वाचते.