मुलाचे ऋण आणि आईबापांचे कर्तव्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि बंगलोरमधील मराठी वस्तीचा इतिहास या विषयांवर आपण विद्वानांची भाषणे ऐकली. माझा विषय त्या मानाने रुक्ष आणि थोडासा लाजिरवाणाही आहे. मिळवत्या मुलाने क्रेडिट कार्डावर करून ठेवलेले कर्ज आणि अशा वेळी आईबापांनी करावयाचे साहाय्य, हा तो विषय होय. मी काही या शास्त्राचा पंडित नव्हे. एका सरकारी कारखान्याच्या लेखाविभागात ३४ वर्षे मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले. स्वतःच्या घरातील हिशेब मात्र मला फार उशिरा कळला. आज जे सांगणार आहे, ते माझ्या मुलाच्या संमतीने सांगत आहे. ‘‘सांगा बाबा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल,’’ असे त्यानेच म्हटले, म्हणून हे धाडस.

२०२० सालच्या टाळेबंदीत त्याची नोकरी गेली. पुढे दुसरी मिळाली, पण पगार कमी. राहणी पूर्वीचीच ठेवण्याचा अट्टाहास, मित्रांत मान खाली जाऊ नये ही धडपड आणि खिशात तीन कार्डे! एका कार्डाचे देणे दुसऱ्यावरून भागविण्याचा खेळ सुरू झाला. २०२२ च्या मे महिन्यात ही गोष्ट मला कळली, तेव्हा मी काय केले? खूप रागावलो, भविष्यनिर्वाह निधीतून शिल्लक राहिलेल्या पैशांतून ३,२०,००० रुपये एकरकमी भरून टाकले, देवासमोर त्याला शपथ घ्यावयास लावली आणि ‘हा विषय आता संपला’ असे जाहीर केले. हे का घडले, हा एकच प्रश्न मी विचारला नाही.

विषय संपला नव्हता. सोळा महिन्यांनी, आपल्याच मंडळाच्या गणेशोत्सवात, रात्री नवाच्या सुमारास माझा दूरध्वनी वाजला. एका बँकेचा वसुलीवाला बोलत होता. ‘‘मुलाचे पैसे तुम्ही भरा, नाहीतर मंडळात येऊन सर्वांसमक्ष मागू,’’ अशी त्याची भाषा होती. परमुलुखात आपण सारे एका कुटुंबासारखे राहतो. त्यामुळे लोक काय म्हणतील, ही भीतीही येथे दुप्पट असते. मी त्या रात्री आरतीला न थांबता घरी गेलो. संतापाने बोलणार, तोच मुलाची आई पुढे झाली आणि त्याला एवढेच म्हणाली, ‘‘जेवलास का रे?’’ तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. पुष्कळ वेळाने म्हणाला, ‘‘बाबा, मी सांगणार होतो. पण तुम्ही पैसे दिलेत, विचारलं काहीच नाहीत.’’ कित्येक महिने त्याला झोप नव्हती, नोकरीवर जाण्याची भीती वाटे आणि जगणेच नको असा विचार मनात येऊन जाई. हे ऐकल्यावर आम्हां दोघांना कर्जाचा आकडा अगदी क्षुल्लक वाटला.

म्हणून माझे पहिले सांगणे हे की, अगोदर मुलाला सांभाळा, मग कार्डाला. आम्ही त्याला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. नैराश्याचे निदान झाले व उपचार सुरू झाले. आपल्या शहरात निम्हान्ससारखी संस्था आहे. जे दूर आहेत त्यांच्यासाठी २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. मनाच्या आजाराची लाज बाळगणारे आपण कर्जाचीही लाज बाळगतो, आणि या दोन लाजांच्या कात्रीत मूल सापडते.

दुसरे सांगणे हिशेबाचे. कार्डाचे बिल येते त्यात ‘किमान देय रक्कम’ असते. ती भरली की देणे फिटत चालले, असा भोळा समज होतो. प्रत्यक्षात पूर्ण रक्कम भरली नाही की व्याजमुक्त मुदत संपते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागू होते. समजा, थकबाकी २,००,००० रुपये आहे आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के. महिन्याचे व्याज झाले ७,००० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर १,२६० रुपये. मुलाने पोट मारून १०,००० रुपये भरले, तरी मुद्दलातून कमी झाले अवघे १,७४० रुपये! नवी खरेदी अजिबात न करता असे दरमहा दहा हजार भरीत राहिल्यास देणे फिटावयास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो आणि एकूण सव्वाचार लाखांवर रक्कम जाते. तेच दोन लाख १४ टक्के वार्षिक व्याजाच्या साध्या कर्जात आणता आले, तर त्याच दहा हजारांच्या हप्त्याने ते सुमारे २३ महिन्यांत फिटतात. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. कार्डाला अशी वेसण नाही. ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरविणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा सावधगिरी आपणच बाळगावयाची.

तिसरा प्रश्न कर्तव्याचा. मुलाचे ऋण बापाने फेडावे काय? याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही विज्ञानेश्वराची टीका चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, आपल्या याच कर्नाटकभूमीवर लिहिली गेली. त्या मूळ स्मृतीनेच सांगून ठेवले आहे की, कुटुंबाच्या पोषणासाठी काढलेले नसेल तर पुत्राचे ऋण पित्यावर बांधील नाही. आजचा कायदाही तेच सांगतो. आपण जामीन राहिलो नसू, किंवा आपल्या खात्यावरील ॲड-ऑन कार्ड मुलाला दिले नसेल, तर सज्ञान मुलाच्या कार्डाचे देणे आपल्याकडे मागता येत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे की, थकबाकीच्या वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर ऋणकोला दूरध्वनी करू नये, धमकी देऊ नये, चारचौघांत अपमान करू नये. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान न झाल्यास लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही. मला हे त्या रात्री ठाऊक असते, तर मी आरती सोडून पळालो नसतो.

परंतु कायद्याने बांधील नाही म्हणून हात झटकावेत, असेही माझे म्हणणे नाही. आम्ही जेवणाच्या टेबलावर सर्व बिले मांडली. एकूण ४,१०,००० रुपये निघाले. बेरीज मी केली नाही, त्यालाच करावयास सांगितली. कार्डे त्याने स्वतः कापली. मोटारसायकल विकून सर्वांत लहान देणे मिटविले. उरलेल्या दोन्ही बँकांत तो स्वतः गेला. मी केवळ शेजारच्या खुर्चीवर बसलो. बरेच हेलपाटे झाल्यावर थकबाकी ३६ मासिक हप्त्यांत बसवून मिळाली आणि व्याजही निम्म्याहून खाली आले. ‘थोडे भरा, बाकी सोडून देतो’ असे सेटलमेंटचे आमिषही एकाने दाखविले. पण तशी नोंद सिबिलसारख्या संस्थांच्या अहवालात राहते आणि पुढे कर्ज मिळणे अवघड होते. म्हणून त्याने ते नाकारले. ज्यांना दुसरा मार्गच उरलेला नाही, त्यांनी तो जरूर घ्यावा. मात्र बँकेचे लेखी पत्र हाती आल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये.

या वेळी मी बँकेला एक पैसाही दिला नाही. त्याला भाड्याची खोली सोडून घरी बोलावले. दोन वेळचे जेवण आणि डोक्यावर छप्पर, एवढेच आमचे साहाय्य. आमच्या म्हातारपणाची पुंजी आम्ही तशीच राखली. कारण ती संपली असती तर उद्या तोच भार पुन्हा त्याच्यावर पडला असता. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, तो मला हिशेब दाखवितो. मी फक्त पाहतो. टोचून बोलत नाही. हे मला सर्वांत कठीण गेले, हे प्रांजळपणे कबूल करतो.

आपले मंडळ उभे राहिले तेव्हा येथील नवखे तरुण भिशीतून एकमेकांची नड भागवीत. कोणाला कशासाठी पैसे हवेत, हे त्या भिशीत सर्वांना ठाऊक असे. कार्ड एकांतात कर्ज देते, आणि माणूस ते एकांतातच सोसत राहतो. तो एकांत मोडणे हे आपले काम आहे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे आपण मुलांना जन्मभर सांगत आलो. पण पाय बाहेर गेलेच, तर घरी येऊन सांगता येते, हा विश्वास द्यावयाचे मात्र राहून जाते. आज घरी गेल्यावर मुलाला पगाराचा आकडा विचारू नका. कसा आहेस, एवढेच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.